पान भांगेचे, मौन कायद्याचे

लखनौ छावणी : भांगेविषयीचा भारतीय कायदा ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने दिल्लीच्या ग्रंथालयात बसण्याऐवजी लखनौ छावणीत चार दिवस राहावे. छावणीची हद्द ओलांडून जुन्या शहराकडे निघाले की अबकारी खात्याच्या परवान्याची पाटी लावलेले भांगेचे दुकान दिसते. व्यवहार उघड्यावर चालतो, परवाना सरकारी असतो आणि त्याचे शुल्क राज्याच्या तिजोरीत जमा होते. छावणीच्या हद्दीत मात्र सैनिकाला वा त्याच्या कुटुंबीयांना लेखी परवानगीवाचून मादक पदार्थ पुरवण्याविरुद्ध छावणी कायद्यात खास तरतूद आहे. दुकानातली तीच पुडी खिशात टाकून कोणी पुष्पक एक्सप्रेसने मुंबईस निघाला, तर बऱ्हाणपूर मागे पडून रावेर येताच तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कक्षेत येतो. आणि या सर्वांच्या डोक्यावर बसलेला, ज्याचे नाव ऐकताच भलेभले गर्भगळित होतात, तो अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायदा? त्यात 'भांग' हा शब्दच नाही.

एका पानाबाबत एकाच देशात इतक्या तऱ्हा असाव्यात, याचे अनेकांना हसू येईल. होळी-शिवरात्रीच्या सुमारास वृत्तपत्रांतून येणाऱ्या हलक्याफुलक्या लेखांचा तो विषयही आहे. तथापि ज्या कायद्यात वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे आणि जामिनाचे दार जवळपास बंद केलेले आहे, त्या कायद्यातील संदिग्धता हा विनोदाचा विषय राहत नाही. ती कोणाच्या तरी आयुष्यातील काही महिने, क्वचित काही वर्षे असते. विशेषतः नोकरीनिमित्त राज्याराज्यांतून फिरणारे अधिकारी आणि पोटासाठी उत्तरेतून महाराष्ट्रात येणारे मजूर, या दोघांना ही संदिग्धता ठाऊक असली पाहिजे. कारण राज्याची सीमा ओलांडणारे तेच आहेत.

व्याख्येतून निसटलेले पान

अंमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे एनडीपीएस कायदा, १९८५ चा. विधेयक लोकसभेत २३ ऑगस्ट १९८५ रोजी मांडले गेले, १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो अंमलात आला. विधेयक मांडल्यापासून स्वाक्षरीपर्यंत चार आठवडेही लागले नाहीत. शतकानुशतकांच्या सवयी ज्या कायद्याने गुन्हा ठरवल्या, त्याच्या वाट्याला संसदेचा इतकाच वेळ आला.

या कायद्याने 'कॅनाबिस'ची व्याख्या तीन भागांत केली आहे. पहिला भाग चरस, म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ. दुसरा गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. तिसरा, या दोहोंपैकी कशाचेही मिश्रण वा त्यापासून केलेले पेय. मात्र गांजाच्या व्याख्येतच एक अपवाद आहे : शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. भांग ही प्रामुख्याने पानांची. ती वाटून, घोटून, गोळी करून वा ठंडाईत मिसळून घेतात. तेव्हा निव्वळ पानांची भांग केंद्रीय कायद्यानुसार 'अंमली पदार्थ' ठरत नाही, असा निष्कर्ष निघतो आणि न्यायालयांनीही तो वेळोवेळी काढलेला आहे.

हा अपवाद लेखनिकाच्या चुकीने आलेला नाही, त्याला मोठी वंशावळ आहे. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मार्च १८९३ मध्ये भारतातील गांजा-भांगेविषयी प्रश्न विचारला गेला आणि त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व शहाणपणाचीही नाही, असे मत नोंदवले. मर्यादित सेवनाने फारसे वाईट परिणाम होत नाहीत, अतिरेकाने होतात, म्हणून कर आणि परवाना यांच्याद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा रोख होता. या अहवालाला मुंबईचाही हातभार लागला आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी या वनस्पतीच्या धार्मिक वापरावर लिहिलेले टिपण अहवालाला जोडलेले असून आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात. उत्तरेत भांग अधिक, दक्षिणेकडे आणि मुंबई इलाख्यात गांजा अधिक, हा प्रादेशिक फरकही आयोगाने टिपला होता. आजच्या कायद्यांतील फरकाची मुळे काही अंशी तिथे आहेत.

पुढे १९३० च्या 'डेंजरस ड्रग्ज ॲक्ट'ने 'हेम्प'ची व्याख्या करताना पाने, बारीक देठ आणि शेंडे या सर्वांचा समावेश करून भांग, सिद्धी, गांजा ही नावे स्पष्टपणे घातली. म्हणजे परकी राजवटीच्या कायद्यात भांगेचे नाव होते. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या 'सिंगल कन्व्हेन्शन'ने जगभर गांजावर बंदी आणण्याचे ठरवले, तेव्हा भारतासारख्या देशांच्या आग्रहामुळे पाने व बिया व्याख्येबाहेर राहिल्या. पानांच्या गैरवापरास आळा घालण्याचे उपाय करावेत, एवढेच बंधन करारात आले. गांजाचा औषधी वापर वगळता इतर वापर थांबवण्यासाठी करार अंमलात आल्यापासून, म्हणजे १९६४ पासून, पंचवीस वर्षांची सवलत होती. ती १९८९ मध्ये संपणार होती, म्हणूनच १९८५ ची घाई. त्या घाईत कराराची व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेली. पान वगळले गेले, पण वगळलेल्या पानाचे पुढे काय करायचे, हे कोणी लिहिले नाही. १९३० च्या कायद्यात असलेले नाव १९८५ मध्ये गळाले आणि त्याच्या जागी मौन आले.

एकाच कायद्याची दोन लेकरे

केंद्र गप्प राहिले की राज्ये बोलू लागतात. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत अफू, 'इंडियन हेम्प' आणि इतर अंमली द्रव्यांवरील उत्पादन शुल्क राज्यांकडे दिलेले आहे. समवर्ती सूचीत औषधे व विषे आहेत. शिवाय एनडीपीएस कायद्याने राज्यांचे अधिक कडक कायदेही अबाधित ठेवले आहेत. परिणामी भांगेचा कायदेशीर दर्जा पिनकोडनुसार बदलतो.

उत्तर प्रदेशात १९१० चा अबकारी कायदा लागू आहे. त्यात भांग ही 'मादक द्रव्य' म्हणून नियंत्रित आहे. नियंत्रित म्हणजे बंद नव्हे, परवानाधीन. २०२५-२६ या वर्षासाठी दारूच्या दुकानांबरोबर भांगेच्या दुकानांचे वाटपही राज्याने ई-लॉटरीने केले. मध्य प्रदेश आणि राजस्थानातही परवानाधारक दुकाने आहेत. उलट आसामने १९५८ मध्येच गांजा व भांग या दोन्हींवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा केला.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र महाराष्ट्र आणि गुजरात यांचे आहे. दोघांचा वारसा एकच : १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, तेव्हा कायदाही दोन्ही घरांत गेला. पुढे एकीकडे तो गुजरात दारूबंदी कायदा झाला, दुसरीकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. २०१७ च्या फेब्रुवारीत गुजरात विधानसभेने आपल्या कायद्यातील मादक द्रव्यांच्या कक्षेतून भांग वगळली. शिवाचा प्रसाद म्हणून ती घेतली जाते, गांजाच्या तुलनेत तिची नशा कमी असते आणि कायद्याचा गैरवापर होत असल्याच्या तक्रारी आहेत, अशी कारणे सरकारने दिली. दारूबंदीचा सर्वाधिक अभिमान बाळगणाऱ्या राज्याने भांगेला सोडले. आणि जिथे दारूची दुकाने गल्लोगल्ली आहेत, त्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणे वा सेवन करणे आजही त्याच जुन्या कलमाखाली गुन्हा आहे. ही विसंगती कोणत्या धोरणातून आली, याचे उत्तर मुंबईच्या विधान भवनात शोधू गेल्यास बहुधा मिळणार नाही. विचार करून निर्णय घेतला आणि विचारच झाला नाही, या दोन गोष्टींचे फलित कधीकधी सारखेच दिसते. पण लोकशाहीत त्यांतला फरक महत्त्वाचा असतो.

दळलेल्या पानाची साक्ष

राज्याराज्यांत फरक असणे हा संघराज्याचा स्वभाव आहे, असे यावर म्हटले जाईल. दारूबाबतही तसेच आहे. मग भांगेचेच रडगाणे कशासाठी? त्याचे उत्तर असे की दारूबाबत नियम मोडला तर माणूस राज्याच्या दारूबंदी कायद्यात अडकतो. भांगेबाबत तो थेट एनडीपीएस कायद्याच्या तावडीत सापडू शकतो, आणि तिथून सुटका सोपी नसते.

गांजाबाबत या कायद्यातील शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंतचे प्रमाण 'अल्प' : शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोंहून अधिक प्रमाण 'व्यापारी' : दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन द्यायचा तर आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. म्हणजे खटल्याच्या आरंभीच निम्मा निकाल द्यावा लागतो.

आता परवानाधारक दुकानातून घेतलेली भांग डोळ्यांसमोर आणावी. ती वाटलेली वा दळलेली असते, क्वचित गूळ, साखर, मसाला घालून गोळीच्या रूपात असते. कायदा विचारतो : हे पान आहे की फुलोरा? हा भेद वनस्पतीच्या अवयवांचा आहे, रसायनाचा नाही. नशा आणणारा टीएचसी हा घटक पानातही असतो आणि फुलोऱ्यातही; फुलोऱ्यात अधिक, पानात कमी, एवढेच. प्रयोगशाळेने तो घटक 'आढळला' असे कळवले, तर त्यावरून पान की फूल हे ठरत नाही. आणि किती टक्क्यांपर्यंत पान व किती टक्क्यांपुढे गांजा, असा आकडा एनडीपीएस कायद्यात नाही. दळण होईपर्यंत जो भेद डोळ्यांना दिसतो, तो दळल्यावर पुसला जातो. आणि नेमक्या त्याच भेदावर माणसाची वर्षे अवलंबून असतात.

यात भर पडली ती सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२० च्या निकालाने. मिश्रणातील निव्वळ अंमली घटकाचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. मोठ्या तस्करांनी भेसळीआड लपू नये, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे. पण हेच माप गोळीला लावले तर गूळ आणि साखरही तराजूत बसते. ओल्याबरोबर सुके जळते ते असे.

हे केवळ कल्पनेतले भय नाही. २०२२ मध्ये बंगळुरूत बिहारमधून आलेल्या एका तरुणाजवळ २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा सापडला. भांगेला गांजा मानले, तर प्रमाण व्यापारी. न मानले, तर उरतो तो अल्प प्रमाणातील गांजा. एकाच झडतीत एकाच माणसाच्या वाट्याला एक वर्ष किंवा वीस वर्षे, आणि निर्णय एका शब्दावर अवलंबून. जूनमध्ये अटक झालेल्या त्या तरुणाला कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये जामीन दिला. एनडीपीएस कायद्यात भांग हे निषिद्ध पेय म्हणून कुठेच उल्लेखिलेले नाही आणि ती गांजा वा चरसापासून बनवल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००२ च्या एका निकालाचा आधारही घेण्यात आला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रात सुटलेला प्रश्न बंगळुरूत पुन्हा नव्याने सोडवावा लागला, आणि तेवढा वेळ एक तरुण कोठडीत होता.

उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत ज्याला आहे त्याचे एवढ्यावर निभावले. कल्याण वा भिवंडीत बांधकामावर असलेल्या, होळीला गावी जाऊन परतलेल्या मजुराचे काय? त्याच्या दृष्टीने त्याने सरकारी परवान्याच्या दुकानातून, पैसे मोजून वस्तू घेतली. गाडीत बसताना ती कायदेशीर होती. वाटेत मध्य प्रदेशातही अशी दुकाने आहेत. रावेरनंतर ती बेकायदा झाली, याची पाटी कोणत्याही स्थानकावर नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व मान्य. परंतु जो कायदा राज्यकर्त्यांनाच नीट सांगता येत नाही, त्याच्या अज्ञानाचे खापर मजुराच्या माथी फोडणे न्यायाचे नाही.

बदलीवर आलेल्यांनी काय समजावे?

मजुराच्या अडचणीचे एक सौम्य, पण खरे रूप सरकारी नोकरांच्या वाट्यालाही येते. केंद्र सरकारच्या १९६४ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांत मादक पेये व द्रव्ये यांविषयी एक नियम आहे. कर्मचारी त्या-त्या वेळी ज्या भागात असेल, त्या भागात लागू असलेल्या कायद्याचे त्याने काटेकोर पालन केले पाहिजे, असे तो सांगतो. कर्तव्यावर असताना नशेच्या अंमलाखाली असू नये आणि सार्वजनिक ठिकाणी सेवन करू नये, हेही त्यात आहे. 'ज्या भागात असेल' हे शब्द महत्त्वाचे. लखनौत बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याला होळीच्या दिवशी शेजाऱ्याने घरी आग्रहाने दिलेली ठंडाई हा एक प्रश्न. तोच अधिकारी पुढच्या वर्षी नागपूरला गेला आणि तिथल्या घरी त्याने तशीच ठंडाई केली, तर तो वेगळा प्रश्न. एके ठिकाणी शिष्टाचार, दुसऱ्या ठिकाणी फौजदारी गुन्हा आणि त्यापाठोपाठ खात्याची चौकशी.

छावणीत तर तिसरा स्तर आहे. मध्य कमांडचे मुख्यालय १९६३ पासून लखनौत आहे. देशाच्या सर्व भागांतून, अर्थात महाराष्ट्रातूनही, अधिकारी आणि जवान इथे येतात. १९५० च्या लष्कर कायद्यानुसार लष्करी व्यक्ती नशेच्या अवस्थेत आढळणे हा कर्तव्यावर असो वा नसो, गुन्हा आहे. तिथे नशा कशाची, पान की फूल, हा प्रश्न उद्भवत नाही. एका अर्थी लष्कराचा कायदाच सर्वांत स्पष्ट म्हणावा लागेल : तो वनस्पतीकडे पाहत नाही, माणसाच्या अवस्थेकडे पाहतो. नागरी कायद्याने यातून काही शिकायला हरकत नव्हती.

मोजमाप जमते, पण कुठे?

भांगेचे मोजमाप अशक्य आहे म्हणून कायदा संदिग्ध राहिला, असा बचाव कोणी करील. तो टिकणारा नाही. आयुर्वेदात 'विजया' या नावाने ही वनस्पती औषधात वापरली जाते. जातिफलादी चूर्ण हे त्याचे परिचित उदाहरण. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत भांगेचा समावेश विषारी द्रव्यांच्या यादीत असून अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. औषधाच्या बाबतीत राज्यसंस्थेने पानाला नाव दिले, यादीत घातले, लेबलही लावले.

अन्नाच्या बाबतीतही तसेच. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये या वनस्पतीच्या बिया, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता देताना टीएचसीच्या मर्यादा मिलिग्रॅममध्ये ठरवून दिल्या. तंतूसाठी लागवडीला परवानगी देणाऱ्या उत्तराखंडाने ०.३ टक्क्यांची मर्यादा स्वीकारली. म्हणजे उद्योजकाला परवाना द्यायचा असतो तेव्हा मोजमाप सापडते. मजुराला अटक करायची असते तेव्हा ते हरवते.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. परवानगीशिवाय हे झाड लावणे एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. झाड बेकायदा, पान मात्र कायद्याबाहेर. मग दुकानातले पान एक तर रानात आपोआप उगवलेल्या झाडाचे असले पाहिजे, नाही तर राज्याने परवानगी दिलेल्या लागवडीचे. ते नेमके कुठून आले, याचा हिशेब ग्राहकाला कधीच दिला जात नाही. भांगेच्या पाटीआड गांजा विकला जात असल्याच्या तक्रारी उत्तर प्रदेशात वेळोवेळी येतात, त्यांचे मूळही याच धूसरपणात आहे. मराठीत आपण 'तुळशीत भांग' म्हणतो. इथे परवान्याच्या भांगेतच गांजा उगवतो, आणि तो निवडून काढण्याची सोय कायद्याने केलेली नाही.

आक्षेप आणि उत्तर

याचा अर्थ भांग सर्वत्र मोकळी करावी, असा नव्हे. प्रस्तुत लेखाचा तो मुद्दाच नाही. भांग नशा आणते. अतिरेकाने आणि कोवळ्या वयात घेतल्याने ती घातक ठरते. वाहन चालवणाऱ्याच्या हातून दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने आरोग्यास अपायकारक मादक पेये व द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, असे राज्याला सांगितले आहे, आणि ते मार्गदर्शक तत्त्व हसण्यावारी नेण्याजोगे नाही. महाराष्ट्राने पूर्ण विचारांती बंदी कायम ठेवली, तर तो त्याचा अधिकार आहे.

पण प्रश्नाचा आवाका लक्षात घेतला पाहिजे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २.२ कोटी भारतीयांनी वर्षभरात भांग घेतली होती. गांजा वा चरस घेणारे सुमारे १.३ कोटी होते. इतक्या मोठ्या समूहाला कायद्याच्या करड्या पट्ट्यात उभे ठेवणे म्हणजे प्रत्येक नाक्यावरील शिपायाला कायदा बनवण्याचा अधिकार देणे होय. ज्याची भीती दाखवून चिरीमिरी मिळते, तो कायदा संदिग्धच राहावा, यात हितसंबंध असणारे लोकही असतात.

दुसरे टोक गाठल्याने काय होते, याचा धडा थायलंडने दिला आहे. २०२२ च्या जूनमध्ये त्या देशाने गांजाला अंमली पदार्थांच्या यादीतून वगळले, पण नियमनाचा परिपूर्ण कायदा आधी केला नाही. दुकानांचा पूर आला आणि २०२५ च्या जूनमध्ये विक्रीसाठी वैद्यकीय चिठ्ठीची अट घालून सरकारला माघार घ्यावी लागली. बंदी असो वा मुभा, मधली पोकळी सर्वांत वाईट. आपली पोकळी १९८५ पासूनची आहे, एवढाच फरक.

भारत सरकारला या विषयाचे वावडे आहे, असेही नाही. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अंमली द्रव्य आयोगाने कॅनाबिसला सर्वाधिक धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढले, तेव्हा २७ विरुद्ध २५ अशा अटीतटीच्या मतदानात भारताचे मत बदलाच्या बाजूने होते. जी स्पष्टता व्हिएन्नात दाखवली, ती संसद भवनात का दिसू नये?

संसदेने काय लिहावे?

एनडीपीएस कायद्यात १९८९, २००१, २०१४ आणि २०२१ मध्ये दुरुस्त्या झाल्या. यांतील शेवटची विशेष उद्बोधक आहे. २०१४ ची दुरुस्ती करताना एका उपकलमाचा क्रमांक बदलला, पण दुसऱ्या कलमातील त्याचा संदर्भ बदलायचा राहून गेला. त्रिपुरा उच्च न्यायालयाने ही चूक दाखवली, तेव्हा आधी अध्यादेश आणि मग डिसेंबर २०२१ मध्ये विधेयक आणून ती पूर्वलक्षी प्रभावाने सुधारण्यात आली. क्रमांकाची चूक दुरुस्त करायला संसदेला वेळ मिळतो. कोट्यवधी लोकांना स्पर्श करणाऱ्या शब्दाचे मात्र भिजत घोंगडे पडून राहते. २०१६ मध्ये पतियाळाचे खासदार धर्मवीर गांधी यांनी पारंपरिक नैसर्गिक अंमली पदार्थांना या कायद्यातून वेगळे काढण्यासाठी खासगी विधेयकाचा मार्ग धरला होता. खासगी विधेयकांचे आपल्याकडे जे होते, त्याहून वेगळे त्याचे झाले नाही.

अपेक्षा मोठी नाही. पहिली गोष्ट, व्याख्येच्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडून भांग म्हणजे काय, हे सांगावे. त्यात टीएचसीची मोजता येणारी मर्यादा असावी आणि प्रयोगशाळेने अहवाल किती दिवसांत द्यायचा, याचे बंधन असावे. दुसरी, भांगेबाबत परवानगी की बंदी, हा निर्णय राज्यांकडेच राहू द्यावा. पण वैयक्तिक वापरापुरत्या भांगेसह राज्याची सीमा ओलांडणाऱ्यावर जप्ती आणि दंड यांपलीकडे कारवाई होऊ नये. तिसरी, ज्या राज्यांना भांग विकून महसूल मिळतो, त्यांनी पुडीवर परवाना क्रमांक, वजन, तारीख आणि 'हा माल या राज्याबाहेर नेऊ नये' ही सूचना छापणे बंधनकारक करावे. औषधाच्या बाटलीवर जे जमते, ते भांगेच्या पुडीवर जमायला अडचण नसावी.

चौथी अपेक्षा मुंबईकडून आहे. गुजरातने १९४९ च्या त्याच कायद्यातून भांग वगळली. महाराष्ट्राने ती ठेवायची तर ठेवावी, मात्र विधिमंडळात चर्चा करून, कारणे नोंदवून ठेवावी. आणि ठेवायचीच असेल, तर तिची शिक्षा मूठभर पानांच्या गुन्ह्याला साजेशी असावी. दरवर्षी लाखो उत्तर भारतीयांना सामावून घेणाऱ्या राज्याने आपला कायदा त्यांना कळेल अशा भाषेत, निदान मोठ्या रेल्वे स्थानकांवर लावला, तर त्यात कमीपणा नाही.

कायद्याचे राज्य म्हणजे केवळ कठोर कायदे नव्हेत. आपण जे करतो आहोत ते गुन्हा आहे की नाही, हे सामान्य माणसाला आधी कळावे, ही त्या राज्याची पहिली अट आहे. परकी सरकारच्या आयोगाने १८९४ मध्ये या पानाविषयी सात खंड लिहिले होते. स्वतंत्र भारताच्या संसदेकडे आज सात खंड कोणी मागत नाही; एक स्पष्ट वाक्य पुरे आहे.